नवं होईस्तोवर

फाट्यावर आम्ही चौघं उभे होतो. आई, बाबा, मी आणि माझी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेला मी माणसांत धरते, कारण पाड्यापासून फाट्यापर्यंत बाबांनी तिला खांद्यावर बसवून आणलं होतं, लहानपणी मला बाजाराला न्यायचे तसं. खाली ठेवताना "हळू, हळू" असं तिलाच म्हणाले होते.

आई रडली नाही. आमच्याकडे पोरगी सासरी जाताना रडतात. नोकरीला जाताना रडायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्या पाड्यातून कुणी पोरगी नोकरीला गेलीच नव्हती. मी पहिली. बी.कॉम. झालेलीही मीच पहिली. डहाणूला मच्छीमार सोसायटीत जागा लागली होती आणि अंगावर नवा ड्रेस होता. मनात म्हणत होते, गाडी लवकर येऊ दे, नाहीतर मीच रडेन.

गाडी आली तशी आईने पदराखालून एक गाठोडं काढलं. पायलीभर तांदूळ असेल.

"हा जुना हाय. पुरवून खा. आपले घरात नवं होईस्तोवर नवा तांदूळ तोंडाला लावू नको."

"हो गं आई."

"हो गं नको. ऐकलंस का?"

मी खिडकीत बसले तरी तिचं चालूच. "वाण्याला विचारून घे, नवा का जुना. मी फोन करेन, मग खा." अख्खी गाडी ऐकत होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिला खाऊ द्या की काही." सगळे हसले. मीही हसले आणि तोंड फिरवलं. पदवी घेतलेली मी, आणि आई सगळ्यांदेखत मला काय खायचं ते सांगत होती. जव्हारच्या डेपोत गाडी बदलेपर्यंत तो राग टिकला. पुढे तलवाड्याच्या उतारावर गाठोडं मांडीवर घेतलं, ते डहाणूपर्यंत खाली ठेवलं नाही.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे अजून जामसरच्या आसपासच्या पाड्यांवर आहात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे निघालात, कुणी वसईला, कुणी भिवंडीला, कुणी ठाण्याला. तुम्हाला नवं काय ते सांगायला नको. पण आता आमच्यात सुना-जावई बाहेरचे आलेत, शेजारपाजार दुसरा आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिते.

पावसाळा सरत आला की हळवा भात आधी पिकतो. घरातली बाई त्याच्या चार लोंब्या आणते, उखळात कांडते, चुलीवर शिजवते. सोबत वेलावरची काकडी, चवळीच्या शेंगा. आधी देवाला, मग गेलेल्या माणसांना, मग गाईला. त्यानंतर घरातल्यांनी खायचं. हे होईपर्यंत नवं धान्य कुणी चाखायचं नाही, पोरांनीसुद्धा नाही. वेलाला काकडी लोंबत असते आणि पोरं तिच्याकडे बघत शाळेत जातात. आमच्या घरात आईने आणखी एक धरलं होतं. घरातलं माणूस बाहेरगावी असलं तरी त्याचं पान मांडायचं. त्याचा घास गाईला द्यायचा आणि त्याला कळवायचं, झालं, आता खा.

आश्रमशाळेत असताना कळवायची सोय नव्हती. पहिल्याच वर्षी मी ताट घेऊन स्वयंपाकाच्या मावशींसमोर उभी राहिले आणि विचारलं, "हा तांदूळ नवा का जुना?" मावशी डाव हातात धरून हसत सुटल्या. "अगं, हा गोदामातला. याला वय नसतं. जेव." मी जेवले. पण ते वाक्य मनात राहिलं. ज्याला वय नाही असा भात मी पुढे बरीच वर्षं खाल्ला. शाळेत, वसतिगृहात, मेसमध्ये. पोट भरत होतं, तक्रार नाही.

डहाणूला आल्यावर आधी ऐकू आला तो बर्फ. सोसायटीच्या बर्फ कारखान्यात लाद्या फोडायचं मशीन पहाटेच सुरू होतं, आणि त्याचा खडखडाट खाडीपर्यंत जातो. माझं काम खिडकीत बसून बर्फाची आणि डिझेलची कुपनं फाडायचं. समोर रांगेत होडीमालक, होडी हाकणारे तांडेल, खलाशी. खलाशांत निम्मे आपलेच, मोखाड्याचे, वांगणीकडचे. डोंगरातली पोरं, ज्यांनी नदीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं, ती इथे आठ-आठ दिवस समुद्रात राहतात. खिडकीत येऊन आधी परक्यासारखं बोलतात. "मॅडम, दस लादी." मी आपल्या बोलीत विचारते, कुठल्या पाड्यावरचा रे तू? की लगेच चेहरा बदलतो.

सुरुवातीला एक होडीमालक मला म्हणाले, "जव्हारची असून हिशोब बरोबर करतेस की गं."

मी म्हटलं, "शेठ, आमच्याकडेपण दोन आणि दोन चारच होतात. तुमच्याकडे काही वेगळं असेल तर सांगा."

रांग हसली, शेठही हसले. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात. अशी बोलणी मी बरीच ऐकली आणि बरीच परत केली. गावाच्या नाक्यावर सकाळी आपली माणसं कामाची वाट बघत उभी असतात, डबा हातात, बायकांच्या कडेवर पोरं. ऑफिसला जाताना मी त्या बाजूनेच जाते, मान वर करून, आणि ओळखीचं कुणी दिसलं तर थांबते. माझी पदवी भिंतीवर लावलेली आहे. पण मी कुठली, हे लपवायला ती घेतली नाही.

किनाऱ्यावरचं गाव मला हळूहळू कळायला लागलं. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या, त्यांवर दातात दात अडकवून टांगलेले बोंबील, खाली टपून बसलेली मांजरं. लिलावाला बायकांचा आवाज, कुणाचा वाटा पलीकडे गेला आणि कुणाची पापलेटं लपवली यावरून भांडणं, आणि दुपारी त्याच बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसलेल्या. चिकूच्या वाड्यांतून भरून निघालेले टेम्पो. खारा वारा, जो माझ्या ट्रंकेच्या कडा खाऊन बसला. देवळाच्या भोंग्यावरून कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाची बकरी हरवली, सगळं सांगतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही माणसं किती मोठ्याने जगतात. आमच्या पाड्यावर घरं एकमेकांपासून लांब, तरी आवाज हळू. इथे घराला घर लागून, तरी ओरडून बोलतात. समोर दर्या आहे ना, त्याच्यावरून आवाज जायला हवा.

शेजार मिळाला हिरामावशीचा. मासळी विकणारी, साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सुनेशी रोज एक छोटं भांडण केल्याशिवाय चहा न पिणारी. मी जव्हारची म्हटल्यावर तिने पाटी खाली ठेवली.

"बाय गं! जव्हारच्या बाजाराला मी यायची. सासूबरोबर, नवी नवरी होते तेव्हा. एसटीच्या टपावर सुक्याच्या पाट्या, आणि आम्ही आत ओकत."

आपल्या लहानपणी बाजारात ओळीने बसलेल्या त्या सुक्या मासळीवाल्या. त्यांना आपण पसाभर नागली द्यायचो आणि त्या जवळा द्यायच्या. मी समुद्र बघितला नव्हता, पण त्याचा वास मला त्या पाट्यांनीच ओळखीचा करून दिला होता. मावशी त्यांच्यातलीच. म्हणजे मी इथे यायच्या आधी ही माझ्या गावी येऊन गेली होती.

जुन्या तांदळाचंही तिला मीच सांगितलं, कारण वाण्याने घातलेला गोंधळ तिच्या कानावर गेला. भाद्रपदात मी दुकानात म्हटलं, "नवा नको, जुनाच द्या." वाणी खूश. "ताई, पारख आहे तुम्हाला! जुन्याची चव नव्याला नाही." दर वेळी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा, या ताईंना विचारा तांदूळ. मी खानदानी आहे असा त्याचा समज झाला. मग आश्विनात आईचा फोन यायचा आणि मी जाऊन नवा मागायचे, तेव्हा बिचाऱ्याचं तोंड उतरायचं.

फोन यायचा तो खडकावरून. आमच्या पाड्यावर रेंज नाही. घरामागे चढ आहे, त्याच्या टोकाला काळा खडक, तिथे उभं राहिलं तर दोन काड्या येतात. आई फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडते. वारा असतो, ती धापा टाकत असते. वाक्य दर वर्षी तेच. "नवं झालं गं. तुझा घास गाईला दिला. आता खा." पुढे काही बोलायचं असेल तर तिचं चढावरच बोलून झालेलं असतं बहुतेक.

माझं लग्न मोखाड्याकडच्या मुलाशी झालं. विजेच्या खांबांवर चढायचं काम करतो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. त्या गेल्या, दीर नाशिककडे गेले, घराला कुलूप लागलं. त्याच्या घरचं नवं तेव्हापासून बंद. तो बारा महिने कुठलाही तांदूळ खातो. सुरुवातीला मला वाटायचं, किती सुटसुटीत. मग एका भाद्रपदात मी जुना भात वेगळा शिजवताना तो बघत बसला आणि म्हणाला, "तुला निदान कुणी थांबवतं."

  त्या दिवसापासून मला आईच्या फोनची भीती वाटायला लागली. फोन येण्याची नाही. एखाद्या वर्षी तो येणारच नाही, याची.

आणि ते वर्ष म्हणजे हे वर्ष, असं वाटायची वेळ आली.

उन्हाळ्यात बाबा घसरून पडले, गुडघा गेला. रोपांच्या जागेवर राब भाजायच्या दिवसांत ते पडवीत बसून होते. रामदास, माझा धाकटा भाऊ, वसईला इमारतींच्या कामावर. एरवी आवणीला, भात लावायला, यायचा, यंदा ठेकेदार सोडत नव्हता. त्याने मला फोन केला. "ताई, आईला समजव. रेशनचा तांदूळ येतो ना घरात? एवढ्याशा खाचरांसाठी कशाला मरायचं दोघांनी?"

चुकीचं काही बोलत नव्हता. मी म्हटलं, "मग नवं कशाचं करणार?"

 त्याच्या मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. "बघू," म्हणाला आणि फोन ठेवला.

आईला विचारलं तर म्हणाली, "यंदा शेत पडेल. बाबा उठत नाय, मी एकली काय करू?" अगदी सरळ आवाजात बोलली. रेशनच्या तांदळाने पोट भरतं. त्याच तांदळावर मी शिकले. पण आईने कुठल्या गोणीतून लोंब्या काढायच्या?

आता दर्याचं एक चांगलं आहे. ज्या दिवसांत आपल्याकडे आवणी, त्या दिवसांत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, त्यांवर झावळ्या आणि प्लास्टिक, पुरुष जाळी विणत बसलेले, बर्फाचं मशीन गप्प. मला रजा मागायला लाजावं लागलं नाही. मी पिशवी भरत होते तर हिरामावशी दारात.

"कुठं?"

"गावी. आवणीला."

"मी पण येते. मासळी नाय, धंदा नाय. सून घरात तोंडाला तोंड देते."

"मावशी, तिथे चिखलात उभं राहायचं असतं."

"मग मी काय आजवर गालिच्यावर उभी होते?"

आली. सोबत सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी. गाडीत सगळे नाक मुरडत होते आणि ती ऐटीत बसली होती. आमची लेक रेवा, यंदाच पहिलीत गेलेली, तिच्या मांडीवर.

घरी पोचलो तर घरामागच्या तुकड्यात हिरवंगार रोप. मी आईकडे बघितलं.

"तू म्हणालीस शेत पडेल."

"पडणारच व्हतं. पण बी तसंच ठेवलं तर मरतं ना. म्हणून फेकलं." आणि आत निघून गेली. माझी आई अशी. येईल का कुणी, असं ती विचारणार नाही. रोप तयार ठेवेल आणि वाट बघेल.

शेजारच्यांनी बैल दिले, त्यांच्या पोराने चिखल करून दिला. एकच खाचर, घराजवळचं. बाकीची तशीच राहिली, त्यांत गवत. त्या गवताकडे बाबा बघत नव्हते. पडवीत बसून आमच्याकडे बघत होते आणि तिथूनच हुकूम सोडत होते.

हिरामावशीने लुगडं वर खोचलं आणि उतरली. आपण रोप लावत मागे सरकतो, तर ही पुढे चालली, आपलंच लावलेलं तुडवत. शिवाय प्रत्येक रोप कोपरापर्यंत आत घालत होती.

"बाई," बाबा ओरडले, "रोप लाव, पुरू नको!"

"दादा, बसल्या जागी सगळेच शहाणे!"

आई हसायला लागली. हसत हसत खाली वाकली आणि तशीच हसत रोप लावत राहिली. बाबा पडल्यापासून ती हसली नव्हती, हे बाबांनी मला नंतर सांगितलं. दुपारनंतर मावशीचा हात बसला. तिची बोटं जाळ्याच्या गाठी मारणारी, एकदा अंतर कळल्यावर ओळ अशी सरळ आली की आईने कमरेवर हात ठेवून बघितली. माझ्या ओळी मात्र वाकड्याच. खुर्चीवर बसून माझी कंबर विसरली होती. बाबा माझ्या ओळींबद्दल काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी आईने मावशीच्या पायांवर गरम पाणी ओतलं. चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटत होतं, बाबा गुडघा विसरून वासाकडे सरकत होते. आई म्हणाली, "बाई, आपले खाचरात तुझा हात लागला. आता तुझंही पान मांडायचं. म्हणून तूपण नवा तांदूळ खाऊ नको. मी सांगेन तवा खा."

मला वाटलं मावशी थट्टा करणार. तिने पाय पुसले. मग म्हणाली, "आमचे घरात नारळ दिल्याबिगर होडी काढत नाय. माझा सासरा तर तोवर दर्याकडे पाठ करून बसायचा. कळतं मला. थांबेन."

आम्ही परत आलो. नारळी पौर्णिमेला कोळीवाडा सजला, होड्यांना नवे रंग, पताका, बायका नऊवारीत आणि डोक्यात अबोली. हिरामावशीने नारळ लाटेवर सोडला आणि हात जोडून जरा जास्तच वेळ उभी राहिली. "तुझे आईचं खाचर पण सांगितलं," म्हणाली. "दर्याला त्यातलं काय कळतं माहीत नाय. पण पाऊस त्याच्याकडूनच जातो ना वर."

बर्फाचं मशीन पुन्हा सुरू झालं. खिडकीसमोर रांग लागली. पितृपक्ष गेला, दुकानात नव्या तांदळाची पोती आली. माझा जुना संपत आला. आणि पाऊस काही जाईना. रोज संध्याकाळी जव्हारच्या बाजूला आभाळ काळं, विजा. आईचा फोन लागत नव्हता. शेजारच्या पोराचा लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भात आडवा झाला, ताई." आणि आवाज गेला.

मावशी रोज सकाळी पाटी घेऊन जाताना खिडकीत वाकायची.

"आला का?"

"नाही."

"सून विचारते, तांदळाच्या भाकरीवर का रुसलात. म्हटलं, माझं वरून बंद हाय."

रेवाच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, ही खिचडी खात नाही. विचारलं तर सांगते, आजीचा फोन आला नाही. बाईंना वाटलं घरात काही अडचण आहे. मी रेवाला बाहेर घेतलं. मी तिला थांबायला कधीच सांगितलं नव्हतं. पोर लहान आहे, मीही तिच्या वयाची असताना गोदामाचाच भात खाल्ला. "तुला कुणी सांगितलं गं?" तर म्हणाली, "मीपण चिखलात हात घातला होता. हिराआजी म्हणाली, मग तूपण थांब." मी बाईंना काय सांगणार? डब्यात नागलीची भाकरी द्यायला लागले.

आणि मग एका दुपारी रामदासचा फोन.

"ताई, आईचा फोन आला का?"

"तुला कशाला हवाय? तूच म्हणालास, कशाला मरायचं."

 तो म्हणाला, "चपात्या खाऊन पोट बिघडलंय. इथले सगळे हसतात. तू तो चावलवाला आदमी, रोटी क्यूं खाता है. मी सांगितलं डॉक्टरने भात बंद केलाय. काय सांगू त्यांना?"

माझ्या हातात कुपनाचं पुस्तक तसंच राहिलं. हा माझा भाऊ, ज्याने शेत सोडा म्हटलं होतं, तोही वसईत पत्र्याच्या खोलीत थांबला होता. दर वर्षी थांबत असणार. आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्हालाही विचारते, भिवंडीत, ठाण्यात, जिथे असाल तिथे. तुम्हीही थांबता का? सांगत नाही, पण थांबता का?

आईचा फोन आला तो ऐन लिलावाच्या वेळी. रांगेत सगळे ओरडत होते. मी खिडकीतून उठून आत बर्फाच्या खोलीत गेले.

वारा, धाप, मग आवाज. "गं... ऐकतेस का? नवं झालं."

मी फोन कानाशी दाबला.

"भात पडला व्हता. उभ्याने कापता नाय आला, बसून कापला. बाबापण बसून कापायला आला, घसटत घसटत. थोडंच निघालं. पण झालं. रामदासचा घास गाईला दिला. तुझा, जावयाचा आणि रेवाचापण. हिराबाईचा गाईला नाय दिला. म्हातारं माणूस, आपले घरचा पाव्हना. तो मी खाल्ला. सांग तिला."

"आई, बाबा कसे आहेत?"

"बी राखलंय," आई म्हणाली. आणि रेंज गेली.

मी त्या थंडीत उभी राहिले. माझ्याभोवती लाद्या धुरावत होत्या. मग बाहेर आले आणि खिडकीतून लिलावाच्या गर्दीवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा इथल्या माणसांसारखी ओरडले.

"मावशी! नवं झालं!"

कुणाला काही कळलं नाही. हिरामावशीने पापलेटाची पाटी शेजारणीकडे सरकवली, हात पदराला पुसले आणि निघाली. तेच जुने होडीमालक खिडकीत हात घालून म्हणाले, "मॅडम, माझा बर्फ?"

"शेठ, थांबा जरा. आधी जेवून येते."

वाण्याकडून नवा तांदूळ घेतला.  मी भात शिजवेपर्यंत मावशी पाटावर बसून होती. नवऱ्याला फोन केला, तोही खांबावरून उतरून आला. रामदासला कळवलं, तो म्हणाला, "हां," आणि त्या एका अक्षरामागे मला भांड्यांचा आवाज ऐकू आला. रेवाला शाळेतून आणलं. ताटात वाफाळता भात, वर मावशीच्या घरून आलेलं कालवण. नवऱ्याने घास हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आता खा." तो मान खाली घालून जेवायला लागला.

रेवाने हात धुतले तरी ती खाईना.

"आजी उतरली का खडकावरून?"

"उतरली असेल."

"चढताना तिचा पाय दुखतो?"

"दुखतो."

तिने मग घास घेतला.

डहाणूत माझं भाड्याचं घर आहे, मतदार यादीत नाव आहे, बर्फाच्या खिडकीत खुर्ची आहे, शेजारी भांडायला हिरामावशी आहे. हे गाव माझं झालं, मी ते नाकारत नाही. पण घर कुठलं असं कुणी विचारलं तर मला भिंती आठवत नाहीत, पडवीही नाही. तो काळा खडक आठवतो, आणि त्याच्यावर उभी असलेली एक बाई, जी सांगत नाही तोवर डहाणूत आणि वसईत तिच्या माणसांच्या घशाखाली नवा भात उतरत नाही.

आईचं वय झालंय. एखाद्या वर्षी तिला तो चढ चढवणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि तिला माझ्याआधी ठाऊक आहे. म्हणून तर मी बाबांचं विचारलं आणि तिने पुढच्या वर्षाच्या बियाचं सांगितलं. पुढच्या आवणीची रजा मी आत्ताच साहेबांच्या कानावर घातली आहे. मावशी म्हणते, मी असेन तर येईन, नसेन तर माझी सून पाठव, तिला जरा कळू दे चिखल काय असतो.

 तो फोन आल्यापासून माझ्या पायात त्या खडकाचा चढ दुखतोय. ज्या दिवशी आई खाली बसून राहील, त्या दिवशी तो खडक मला चढायचा आहे. आणि तिथून ओरडून रामदासला, रेवाला, जो जिथे थांबला असेल त्याला, सांगायचं आहे.